मागच्या इमारतीचं विरजण

बाबांनी सांगितलं होतं, फक्त तीन ओळी लिही. टकळीने लिहिल्या सव्वीस, आणि वर एक ढाल जाहीर करून टाकली.

बाबांच्या तीन ओळी अशा: शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आपल्या सांडपाणी केंद्राची तपासणी आहे. मोरीत केस, चिंध्या, प्लास्टिक टाकू नये. सहकार्य करावे. आता सांगा, असली नोटीस कोण वाचतं? त्यापेक्षा माणूस लिफ्टचं बटण वाचत उभा राहील. टकळीने आठच दिवसांपूर्वी शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत फिरती ढाल पटकावली होती. परीक्षकांनी 'हिच्या शब्दांत विस्तव आहे' असा शेरा दिला होता, आणि तेव्हापासून ती आईकडे मीठसुद्धा एक हात उंचावून मागायची. अशा मुलीच्या हाती कोरा कागद, लाल पेन आणि दोन इमारतींचा आयता श्रोतृवर्ग आल्यावर ती 'सहकार्य करावे'वर थांबेल होय?

"रहिवासी बंधूंनो आणि भगिनींनो! परीक्षा आपल्या दाराशी येऊन ठेपली आहे!" इथून तिची गाडी जी सुटली ती "उठा! घासा! धुवा! एकही डाग, एकही जंतू जिवंत राहता कामा नये!" इथे येऊन थांबली. 'एकही जंतू'खाली दोन रेघा. आणि तळाला, सर्वांत चकाचक न्हाणीघरं ज्या इमारतीची, त्या इमारतीला फिरती ढाल. ढाल कुठली? तिचीच. शाळेला परत द्यायला अजून वर्ष होतं.

"वाचून दाखवू का, बाबा?" तिने विचारलंसुद्धा होतं.

"तीन ओळी काय वाचून दाखवायच्या? सेक्रेटरींची सही घे आणि लाव."

सेक्रेटरींनी पहिली ओळ वाचली, "व्वा!" म्हणाले आणि सही ठोकली. नोटिशीच्या दोन प्रती निघाल्या. एक पुढच्या इमारतीत लागली, एक मागच्या.

टकळीचे बाबा या दोन इमारतींचं सांडपाणी केंद्र सांभाळायचे. पंपांच्या खोलीवर दोन खोल्या होत्या, तेच यांचं घर. दोन्ही इमारतींच्या मोऱ्यांचं आणि संडासांचं पाणी आपापल्या टाकीत येऊन पडायचं. पुढच्या इमारतीची टाकी पुढे, मागच्या इमारतीची मागे. टाकीत तळातून हवेचे बुडबुडे सोडायचे. त्या हवेवर आणि लोकांच्या घाणीवर कोट्यवधी बारीक जीव पोसले जायचे. ते घाण खायचे, गब्बर व्हायचे, एकमेकांना चिकटून तळाशी जाऊन बसायचे, आणि वर राहायचं ते नितळ पाणी बागेला जायचं. ना पावडर, ना औषध. बाबा त्या जीवांना 'मंडळी' म्हणायचे. सकाळी उठल्याबरोबर ते एका काचेच्या उंच मोजपात्रात टाकीतलं तपकिरी पाणी भरून आणायचे, स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवायचे आणि चहा घेत अर्धा तास त्याच्याकडे बघत बसायचे. गाळ झरझर खाली बसला की म्हणायचे, "मंडळी खुशीत आहेत आज."

"लग्नाला अठरा वर्षं झाली," आई म्हणायची, "एवढा वेळ माझ्याकडे बघितलं असतंत तर मीही खुशीत राहिले असते."

पण मंडळींचे नखरेही काही कमी नव्हते. वीज गेली आणि हवा थांबली की त्यांचा जीव गुदमरायचा. सुट्ट्यांत सगळे गावाला गेले की मंडळी उपाशी. मग बाबा टाकीत साखर ओतायचे आणि आई साखरेच्या डब्याला कुलूप लावायची. सेक्रेटरींना याच गोष्टीचा तिटकारा होता. त्यांना केमिकल प्लांट हवा होता. पावडर टाका, ढवळा, पाणी स्वच्छ. ना जीव, ना त्यांच्या भुका.

"हे बघा," त्यांनी बाबांना स्पष्टच सांगितलं होतं, "या तपासणीत पास झालात तर तुमची मंडळी राहतील. नापास झालात तर केमिकल. आणि केमिकलला माणूस लागत नाही, बटण लागतं."

"आणि आम्ही?"

"तुमच्या खोल्यांत पावडरीची पोती राहतील."

म्हणून शुक्रवारची तपासणी ही साधीसुधी तपासणी नव्हती. पास झालो तर घर, नाही तर पोती.

बुधवारी बाबा हवेच्या यंत्राचा पट्टा आणायला सकाळीच शहराच्या दुसऱ्या टोकाला गेले. टकळी दुपारी शाळेतून आली तेव्हा पुढच्या इमारतीत नुसती धमाल उडाली होती. साठच्या साठ घरांतून खसाखसा घासण्याचा आवाज. कोपऱ्यावरच्या दुकानातलं ॲसिड संपलं होतं, फिनेल संपलं होतं, ब्लीचिंग पावडरीसाठी दोन बायकांची जुंपली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी, ज्यांनी जन्मात कधी स्वतःचा कप विसळला नव्हता, त्यांनी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून संडासात ठाण मांडलं होतं.

"टकळे, ढाल आमचीच हं!" ते आतून ओरडले. "तीन बाटल्या ओतल्यात!"

"शाब्बास काका!" टकळीने जिन्यातूनच हात उंचावला. शब्दांत विस्तव असतो म्हणजे काय, ते तिला आज कळत होतं. शब्द कागदावर लिहायचे, टाचणीने लावायचे, आणि साठ घरं कामाला लागतात! पुढच्या वर्षी देशसुद्धा चालवता येईल.

घरी येऊन बघते तो आईही पदर खोचून मोरीत. "तूसुद्धा?"

"मग? पोरीची नोटीस, आईनेच मान राखला नाही तर लोक काय म्हणतील?" असं म्हणून आईने उरलेली अर्धी बाटली ओतली.

बाबा पाच वाजता आले. पट्टा खांद्यावर टाकून, शीळ घालत. फाटकाशी आले आणि शीळ अर्ध्यावरच थांबली. त्यांनी नाक वर केलं. निरोगी टाकीला कुंडीतल्या ओल्या मातीचा वास येतो. आज दवाखान्याचा येत होता.

ते टाकीकडे धावले, मागोमाग टकळी. टाकी दिसतच नव्हती. टाकीच्या जागी पांढराशुभ्र फेस होता, कमरेएवढा, आणि खालून बुडबुडे त्याला आणखी फुगवत होते. बघता बघता तो कठड्यावरून उतरला, आवारात आला आणि सेक्रेटरींच्या गाडीच्या दिशेने निघाला. लहान पोरं त्याच्या दाढ्या करून नाचत होती.

"पोरांनो, हात लावू नका! घरी जा, आधी हात धुवा!" बाबा कळवळून ओरडले. "आणि साबण कमी वापरा!"

त्यांनी यंत्र बंद केलं, फेसावर पाण्याचा फवारा मारला, मोजपात्र बुडवून पाणी काढलं. रोजचं तपकिरी पाणी राखाडी झालं होतं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, अर्धा तास झाला. काही म्हणता काही खाली बसलं नाही. भांडी धुतलेल्या पाण्यासारखं गढूळ, गुमसुम.

बाबांनी डोक्यावरची टोपी काढली.

"गेली," ते म्हणाले. "सगळी मंडळी गेली."

टकळी एक पाऊल मागे सरकली. का, ते तिला अजून नीटसं कळलं नव्हतं. पण पायांना आधी कळतं.

"कुणी केलं असेल हे? एका घराचं काम नव्हे. कुणीतरी पिंपच्या पिंप ओतलंय," बाबा म्हणत होते, तेवढ्यात सेक्रेटरी हसतमुखाने आले. गाडीला चिकटलेला फेस त्यांनी अजून पाहिला नव्हता.

"अभिनंदन! काय नोटीस, काय नोटीस! आमच्या सौंनी तर नळाच्या तोट्यासुद्धा ॲसिडने धुतल्या. 'एकही जंतू जिवंत राहता कामा नये'... माझ्या तर अंगावर काटा आला!"

"कुठली नोटीस?" बाबांनी विचारलं.

सेक्रेटरींनी खिशातून फोन काढून नोटिशीचा फोटो पुढे केला. बाबांनी सव्वीसच्या सव्वीस ओळी वाचल्या. दोन रेघांपाशी ते बराच वेळ थांबले. मग त्यांनी टकळीकडे पाहिलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "अक्षर छान आहे."

त्या रात्री वक्तृत्वाची ढाल कपाटात उलटी ठेवली गेली.

गुरुवारी सकाळी आईने आयुष्यात पहिल्यांदा शाळेला खोटी चिठ्ठी लिहिली: मुलीचं पोट बिघडलं आहे. "टाकीचं पोट म्हणायचं होतं, घाईत राहून गेलं," ती म्हणाली.

बाबा फोनवर होते. दूध डेअरीच्या केंद्रावर त्यांचा जुना दोस्त होता, त्याला गळ घालत होते. "अरे, नुसता एक टँकर गाळ दे. जिवंत. परत करतो महिन्याने." पलीकडचा बराच वेळ बोलला. बाबांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"म्हणाला, देईन, पण उपयोग नाही. त्याची मंडळी दुधावर वाढलेली. आपल्याकडचं साबणाचं पाणी त्यांना रुचायलाच पंधरा दिवस जातील. आणि नवी पोसायची म्हटली तर तीन आठवडे." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आपल्याकडे आहे एक दिवस."

आई कणीक मळता मळता थांबली. "म्हणजे बघा, मला मेलीला यातलं काही कळत नाही. पण हे विरजणासारखंच झालं ना? आपलं दही नासलं तर दुसऱ्याकडून वाटीभर आणायचं. मात्र तसल्याच दुधाचं हवं."

"तसंच."

"मग मागच्या इमारतीचं आणा की. तेही आपल्यासारखाच साबण वापरतात."

"अगं, नोटीस तिथेही लागली होती! तिथलीही मंडळी..." बाबांनी टोपी हातात फिरवली. "काल त्या टाकीकडे जायची हिंमतच झाली नाही. एका दिवसात दोन दोन ठिकाणी कुठे..."

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत टकळी जिना उतरलेली होती.

मागच्या टाकीचं झाकण तिने डोळे मिटून उचललं आणि वास घेतला. ओली माती! डोळे उघडले. तपकिरी, दाट, खदखदती, मस्तपैकी घाण! तिला रडूच फुटलं. टाकीकडे बघून रडणारी ती बहुधा जगातली पहिलीच मुलगी असावी.

"कोण आहे तिकडे?"

मागे हेडबाई उभ्या होत्या. एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, आणि मागच्या इमारतीच्या त्याच सर्वेसर्वा. चार वर्षांपूर्वी सेक्रेटरींनी फक्त पुढच्या इमारतीला रंग दिला होता. तेव्हापासून सेक्रेटरी जे सांगतील त्याच्या नेमकं उलट करायचं, असा मागच्या इमारतीचा कायदा होता. आणि हेडबाई जे म्हणतील त्याच्या नेमकं उलट, असा सेक्रेटरींचा. 'इथे गाड्या लावू नका' म्हटलं की तिथेच गाड्या. 'कुंड्या गॅलरीत ठेवू नका' म्हटल्यावर ज्यांच्याकडे कुंड्या नव्हत्या त्यांनीही आणल्या.

"बाई, तुमच्याकडे कुणी न्हाणीघरं घासली नाहीत?" टकळीने डोळे पुसत विचारलं.

"घासली? त्या माणसाच्या सहीच्या कागदावर?" हेडबाईंनी मान ताठ केली. "मी सगळ्यांना सांगून टाकलंय, जोवर रंग नाही तोवर ब्रश नाही! सोमवारपासून आमच्याकडे एका बाटलीचं बूच उघडलेलं नाही." मग त्यांचा आवाज थोडा खाली आला. "सोपं नाही हो ते. माझ्या कपाटात पाच बाटल्या आहेत. मोरी बघितली की जीव तीळ तीळ तुटतो. पण तत्त्व म्हणजे तत्त्व."

टकळीला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण हेडबाईंच्या गळ्यात कुणी पडत नाही. तिने हात जोडून सगळं सांगितलं. नोटीस तिचीच, चूक तिचीच, उद्या तपासणी, नाही तर घराच्या जागी पावडरीची पोती. "थोडा गाळ द्या ना, बाई. पुढच्या टाकीसाठी."

"तुझ्यासाठी जीव तुटतो गं, पोरी. पण पुढच्या टाकीसाठी? म्हणजे त्या माणसाच्या टाकीसाठी? थेंबभरसुद्धा नाही. आमच्या लोकांनी तो गाळ कष्टाने केलाय."

  ती तोंड पाडून पुढे आली, तर तिथे, तिच्यामागोमाग येऊन मागच्या टाकीचा वास घेऊन गेलेले बाबा सेक्रेटरींना हेच समजावत होते. आईच्या विरजणाचा दाखला सेक्रेटरींना मुळीच रुचला नव्हता.

"मागच्यांचा गाळ? आमच्या टाकीत?" ते नाकाला रुमाल लावून ओरडत होते. "सांगून ठेवतो, मागच्या इमारतीची घाण माझ्या इमारतीत येता कामा नये! एक बादलीसुद्धा नाही!"

टकळी जागच्या जागी थबकली. तिच्या डोक्यात काहीतरी लख्ख पेटलं. ती वळली आणि आली होती त्याच्या दुप्पट वेगाने मागे धावली.

"बाई! सेक्रेटरी काय म्हणतायत माहितीये? तुमची घाण त्यांच्या इमारतीत येता कामा नये! एक बादलीसुद्धा नाही!"

हेडबाईंचे डोळे बारीक झाले.

"असं म्हणाला?"

"नाकाला रुमाल लावून म्हणाले. विचारा हवं तर."

"रुमाल लावून!" हेडबाईंनी गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली. निवृत्तीनंतरही ती गळ्यातून उतरली नव्हती. "सगळ्यांनी बादल्या घेऊन खाली! ताबडतोब! एक बादली नाही म्हणतो काय? दोनशे नेऊ!"

पुढे जे झालं ते बघायला अख्खं आवार गॅलऱ्यांतून लोंबकळलं. बाबांनी विषारी पाणी तोवर बाजूच्या रिकाम्या टाकीत ओढून घेतलं होतं, पुढची टाकी नळाच्या पाण्याने दोनदा धुऊन काढली होती. मागची इमारत ओळीने उभी राहिली, आजोबांपासून कॉलेजच्या पोरांपर्यंत, हातमोजे घालून, तोंडाला फडकी बांधून. बादली या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या. हेडबाई शिट्टीवर ताल धरत होत्या. "सांडू नका! एक थेंबही वाया जाता कामा नये, त्या माणसाला सगळंच्या सगळं मिळालं पाहिजे!"

"हा अत्याचार आहे!" सेक्रेटरी गाडी पुसता पुसता ओरडले.

"रंग द्या, मग बोलू!" ओळीतून उत्तर आलं.

"एकशे बारा... एकशे तेरा..." बाबा कठड्यावर उभे राहून मोजत होते, आणि प्रत्येक बादलीला हळूच म्हणत होते, "या, मंडळी, या. आपलंच घर समजा."

संध्याकाळपर्यंत दोनशे सहा बादल्या झाल्या. यंत्राला नवा पट्टा चढला. हवा सुरू झाली. टाकी एकदा गुरगुरली, आणि मग शांतपणे खदखदू लागली. पुढच्या इमारतीला बाबांनी दारोदार जाऊन विनवलं की उद्यापर्यंत नुसतं पाणी वापरा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी चौथी बाटली जड हाताने परत कपाटात ठेवली.

शुक्रवारी अकराला पाच कमी असताना तपासनीस बाई आल्या. बारीक अंगाच्या, चष्मा, एक वही, बोलणं मोजकं. त्यांनी टाकीचा वास घेतला. मोजपात्र भरून कठड्यावर ठेवलं आणि घड्याळ लावलं.

तो अर्धा तास टकळीच्या आयुष्यातला सगळ्यात लांब अर्धा तास होता. निकालाच्या दिवशीही इतकी माणसं इतकी गप्प उभी राहत नाहीत. पुढची इमारत एका बाजूला, मागची दुसऱ्या. पहिली पाच मिनिटं सगळं नुसतंच तपकिरी. सेक्रेटरी हळूच खाकरले. मग वरच्या कडेला केसाएवढी एक रेघ दिसली. रेघ बोटाएवढी झाली. मंडळी एकमेकांचा हात धरून खाली उतरू लागली, आणि त्यांच्यावर पाणी... इतकं नितळ, की पलीकडे उभ्या असलेल्या बाबांचं नाक त्यातून स्पष्ट दिसत होतं. नाक लाल झालं होतं.

"बसला," तपासनीस बाई म्हणाल्या. नमुन्याच्या बाटल्या भरल्या, वहीत खूण केली. मग त्यांचं लक्ष भिंतीकडे गेलं. कमरेएवढ्या उंचीवर फेसाची पांढरी रेघ वाळलेली होती. "हे काय? आणि ती गाडी अशी ठिपक्याठिपक्यांची का?"

बाबांनी तोंड उघडलं, पण टकळी आधी पुढे झाली. हात उंचावला नाही, आवाज चढवला नाही. सरळ सांगितलं. नोटीस, ढाल, ॲसिड, बादल्या. तीन ओळींत.

"बघा!" सेक्रेटरी उसळले. "म्हणूनच मी म्हणतो, केमिकल प्लांट हवा. त्यात ॲसिड ओतलं असतं तर काही मेलं असतं का?"

"नसतं," तपासनीस बाई म्हणाल्या. "खरंय तुमचं. ही टाकी नाजूक असते. कुणी काय ओतलं, किती ओतलं, सगळं हिला लागतं." बाबांचा चेहरा पडला. बाईंनी चष्मा पुसला. "पण केमिकलचा प्लांट बंद पडला असता, तर शेजारणीकडून बादलीभर मागून आणून एका दिवसात चालू झाला असता का?"

सेक्रेटरी पुन्हा गाडी पुसू लागले.

"आजचा नमुना ठीक वाटतोय. महिन्याने परत येईन, न सांगता. दोन्ही टाक्या बघेन. तोवर एक अट. ॲसिड, ब्लीचिंग, फिनेल, काही म्हणजे काही सांडपाण्यात जाता कामा नये. थोडा साबण आणि मनगटाचा जोर, बस्स."

आवारात टाळ्यांचा कडकडाट झाला. आईने पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "मला मेलीला कळत नाही म्हणे." टकळीने कपाटातून ढाल आणली. सगळ्यांत चकाचक न्हाणीघरं कुणाची, याचा निकाल कुणी लावायच्या फंदातच पडलं नाही. ज्यांनी पाच दिवस ब्रशला हात लावला नव्हता, त्या इमारतीच्या हेडबाईंच्या हातात स्वच्छतेची ढाल गेली. त्यांनी ती तोंड वाकडं करून, पण घट्ट धरून घेतली.

गोष्ट इथेच संपायची. पण सेक्रेटरींना तोंडावर पडल्यावर उभं राहताना नेहमीच काहीतरी हुकूम सोडायची सवय होती. ते खुर्चीवर चढले आणि दोन्ही इमारतींकडे बोट रोखून गरजले, "ऐकलंत ना? आजपासून ॲसिडच्या बाटलीला कुणीही हात लावायचा नाही! विशेषतः मागच्या इमारतीने!"

टाळ्या थांबल्या. टकळीने हेडबाईंकडे पाहिलं. हेडबाईंचे डोळे बारीक झाले होते. त्यांनी शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. शेजारणीने तिच्या शेजारणीच्या. सगळी ओळ वळली आणि जिन्याकडे चालू लागली. वर कपाटात पाच बाटल्या होत्या. आणि पाच दिवसांची मोरी होती.

"बाबा," टकळी पुटपुटली, "कागद द्या. पटकन."

"किती ओळी?" बाबांनी घाबरून विचारलं.

"दोनच."

तिने लिहिलं. ती सेक्रेटरींकडे पळाली. ते अजून खुर्चीवरच होते आणि भाषण चालू होतं. तिने कागद पुढे केला. त्यांनी तो न वाचताच सही ठोकली. हेडबाई पहिल्या मजल्यावर पोचायच्या आत टकळीने मागच्या जिन्याने जाऊन फलकावर टाचणी मारली होती.

मागची इमारत फलकापाशी थांबली. हेडबाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचलं:

"मागच्या इमारतीतील सर्व रहिवाशांनी रोज सकाळ-संध्याकाळ भरपूर ॲसिड वापरलेच पाहिजे. हयगय केल्यास कडक कारवाई. सेक्रेटरी."



"रोज सकाळ-संध्याकाळ?" हेडबाई म्हणाल्या. "कडक कारवाई? खाली काय बोलतो, इथे काय लिहितो! बघतेच आता."

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी दूध घ्यायला दार उघडतात तो काय, दाराबाहेर उंबऱ्यापासून जिन्यापर्यंत बाटल्यांची रांग. ॲसिडच्या त्रेसष्ट, फिनेलच्या एकवीस, ब्लीचिंग पावडरीचे दोन डबे. सगळ्यांची बुचं जशीच्या तशी. पहिल्या बाटलीला चिठ्ठी होती, सुवाच्य शालेय अक्षरात: "वापरणार नाही. काय करायचं ते करा."

"हे कशाबद्दल?" सेक्रेटरींनी जिन्यातून खाली ओरडून विचारलं. "मी यांना नेमकं सांगितलं तरी काय?"

खाली स्वयंपाकघराच्या खिडकीत मोजपात्र होतं. बाबा चहा घेत त्याच्याकडे बघत होते, आणि शेजारी टकळी लाल पेनाचं टोपण चावत बसली होती. गाळ झरझर खाली बसत होता.

"मंडळी खुशीत आहेत आज," बाबा म्हणाले. मग थोड्या वेळाने, "टकळे, मागच्या इमारतीला रंग हवाय ना गं?"

"हो. चार वर्षं झाली."

"मग सेक्रेटरींना एक पत्र लिही की हेडबाईंच्या नावाने. रंग मुळीच नको म्हणून."